मस्टँगच्या पंखावरचे रिव्हेट: कोठे टोचावेत, किती खोल टोचावेत आणि कोठे मुळीच टोचू नयेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पी-५१डी मस्टँग या लढाऊ विमानाच्या १/४८ प्रमाणातल्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याएवढ्या) प्लास्टिक मॉडेलच्या पंखांवर आणि धडावर आपण रिव्हेट व्हीलने, म्हणजे दातेरी चाकाने, रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) ओळी सर्वत्र टोचल्या. उघड्या प्लास्टिकवर त्या सुबक दिसत होत्या, पण प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंग आणि काळा वॉश (खळग्यांत उतरणारा पातळ गडद रंग) झाल्यावर काही ओळी बुजल्या, काही भोकांसारख्या उठून दिसू लागल्या आणि एकूण विमान चाळणीसारखे वाटू लागले. असे का झाले, आणि या अवस्थेतून मॉडेल सावरता येईल का, हे आपण विचारले आहे. मॉडेल सावरता येईल. मात्र चूक हाताची कमी आणि आराखड्याची जास्त आहे, म्हणून आधी आराखड्याबद्दल लिहितो.

प्रथम मापे पाहू. विमानाच्या पत्र्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या १/८ इंच जाडीच्या, म्हणजे सुमारे ३.२ मि.मी.च्या सपाट डोक्याच्या रिव्हेटचे डोके साधारण ५.७ मि.मी. व्यासाचे असते. १/४८ प्रमाणात ते ०.१२ मि.मी. होते, १/७२ मध्ये ०.०८ आणि १/३२ मध्ये ०.१८. दोन रिव्हेटांमधले अंतर २५ मि.मी. धरले, तर १/४८ मध्ये ते अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर जाते. व्हीलच्या दाताने पाडलेली खळगी, दाब थोडा जास्त पडला की, सहज ०.२५ मि.मी.ची होते, म्हणजे खऱ्या विमानावर १२ मि.मी.ची. असे हजारो खड्डे पडलेले विमान धावपट्टीवर उभे आहे अशी कल्पना केली, की चाळणी कशी तयार झाली ते लक्षात येते.

दुसरा हिशेब नजरेचा आहे. निरोगी डोळ्याला सुमारे एका कोनीय मिनिटाएवढा तपशील सुटा ओळखता येतो, आणि अर्ध्या मीटरवरून पाहताना तो सुमारे ०.१५ मि.मी. भरतो. अर्ध्या मीटरवरून १/४८ चे मॉडेल पाहणे म्हणजे खरे विमान २४ मीटरांवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून सपाट रिव्हेटाचे एकेक डोके दिसत नाही. दिसते ती ओळ, आणि तीही प्रकाश तिरका असला, पत्र्याला चकाकी असली किंवा ओळीच्या कडेने मळ धरला असला तरच. शिवाय सपाट रिव्हेटाच्या जागी खड्डा नसतोच. पत्र्याच्या पातळीत बसलेली एक चकती आणि तिच्याभोवती केसासारखी बारीक वर्तुळाकार फट एवढेच तिथे असते. आपण मॉडेलवर जी खळगी पाडतो तो केवळ एक संकेत आहे, आणि तो जितका हलका राहील तितका खरा वाटतो. मॉडेल हातात धरून, चष्मा सरसावून पाहिल्यावर जी ओळ सापडते आणि कपाटात ठेवल्यावर जिची फक्त चाहूल लागते, ती ओळ मी योग्य मानतो. हे मत सर्वांना पटत नाही याची मला कल्पना आहे. प्रदर्शनात लांबून उठून दिसणारे रिव्हेट आवडणारे अनेक कुशल कारागीर आहेत, पण त्यांचा हेतू निराळा असतो.

आता मुख्य मुद्दा. रिव्हेट म्हणजे वरून केलेले नक्षीकाम नव्हे. आतल्या फ्रेम (धडाची आडवी कडी), स्ट्रिंगर (धडाच्या लांबीने जाणाऱ्या पट्ट्या), रिब (पंखाच्या फासळ्या) आणि स्पार (पंखाची मुख्य तुळई) यांना पत्रा जिथे जिथे जोडला आहे, तिथे तिथे रिव्हेटांची ओळ बाहेर दिसते. त्यामुळे ओळी टोचणे म्हणजे एका अर्थी विमानाचा सांगाडा पत्र्यावर उमटवणे. ज्या विमानाला त्या जागी असा सांगाडा नाही किंवा तसा पत्रा नाही, तिथे ओळ काढली की चूक झाली. डी हॅविलँड मॉस्किटो लाकडी होते, त्याच्या धडावर रिव्हेटांच्या ओळींचा प्रश्नच येत नाही. हॉकर हरिकेनचे मागचे धड कापडाने मढवलेले होते, म्हणून तिथे पट्ट्यांचे उंचवटे दाखवावे लागतात, टोचे नाहीत. एफ४यू कोर्सेअरच्या धडावर पत्रा बऱ्याच ठिकाणी स्पॉट वेल्डिंगने (ठिपक्याठिपक्यांनी वितळवून) जोडलेला होता आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या बाहेरच्या पंखांचा मोठा भाग कापडी होता. या विमानांवर व्हील सरसकट फिरवलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि काम जितके नीटनेटके तितकी ती चूक अधिक खुपते.

आपले मस्टँग याच यादीतले एक ठळक उदाहरण आहे. त्याच्या पंखाचा छेद लॅमिनार, म्हणजे पृष्ठभागालगत संथ थरांनी वाहणाऱ्या, हवेच्या प्रवाहासाठी आखलेला होता आणि पृष्ठभागावरचा बारीकसा खडबडीतपणाही त्या प्रवाहाला मारक ठरत असे. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले, म्हणजे पुढच्या कडेपासून रुंदीच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंतचे, पॅनेलचे सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, त्यावर प्रायमर आणि चंदेरी रंग मारला जात असे. धड उघड्या धातूचे आणि पंख चंदेरी रंगाचे, हा फरक जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. तेव्हा आपण पंखाच्या पुढच्या भागावर जे काही तास खर्च केले, ते दुर्दैवाने नसलेल्या रिव्हेटांवर खर्च झाले. बंदुकांच्या आणि काडतुसांच्या कप्प्यांची झाकणे, इंधन भरण्याची टोपणे आणि दुरुस्तीसाठी उघडावे लागणारे दरवाजे मात्र पुट्टीखाली जाऊ शकत नव्हते, म्हणून ते तसेच ठेवावेत. रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) कापडी असल्याने त्यावरही टोचे नकोत.

स्पिटफायरची गोष्ट याच्या उलट आणि अधिक मौजेची आहे. सपाट रिव्हेट बसवणे वेळखाऊ असते, म्हणून ते नक्की कोठे आवश्यक आहेत हे शोधण्यासाठी चाचणीच्या वेळी सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवून गोल डोक्यांचा आभास निर्माण केला गेला, आणि ते दाणे टप्प्याटप्प्याने काढत वेगातला फरक मोजला गेला. पंखाच्या पुढच्या भागात गोल डोके फार महागात पडते, मागे तितके नाही, असा त्याचा एकंदर निष्कर्ष. म्हणूनच सुरुवातीच्या स्पिटफायरच्या मागच्या धडावर गोल डोक्याचे रिव्हेट आढळतात, तर पंख गुळगुळीत असतो. एकाच मॉडेलवर दोन तंत्रे वापरावी लागतात ती अशी.

संदर्भासाठी मी तीन प्रकारची साधने समोर ठेवतो: फ्रेम आणि रिब यांचे क्रमांक दाखवणारे रेखाचित्र, मिळाल्यास त्या विमानाच्या मूळ दुरुस्ती-पुस्तिकेतली पत्र्याची आकृती, आणि त्या काळातली छायाचित्रे. आज उडणाऱ्या, नव्याने बांधलेल्या विमानांची छायाचित्रे मोहक असतात, पण पत्रा अनेकदा बदललेला असतो, पंख आरशासारखा घासलेला असतो, आणि क्वचित पुट्टीही काढून टाकलेली असते. अशा छायाचित्रावरून ओळीची जागा घ्यावी, तिचा ठळकपणा घेऊ नये. रेखाचित्र मॉडेलच्या मापाला छापून पंखावर ठेवले, की किटमधल्या (मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचातल्या) पॅनेलच्या रेषा आणि रेखाचित्र यांत थोडा फरक निघतोच. अशा वेळी मी किटच्या रेषा हलवत नाही. दोन रेषांमध्ये किती ओळी आहेत ते मोजतो आणि तेवढ्याच ओळी मिळालेल्या जागेत समान वाटतो. ओळींची संख्या बरोबर असली, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. संख्या चुकली, तर ते विमान ओळखणाऱ्याला पहिल्या नजरेतच काहीतरी बिघडल्यासारखे वाटते.

पॅनेलच्या सांध्याजवळ विशेष काळजी लागते. दोन पत्रे कडेला कड लावून जोडले असतील, तर रेषेच्या दोन्ही बाजूंना ओळ असते. एक पत्रा दुसऱ्यावर चढवला असेल, तर ओळ फक्त वरच्या पत्र्याच्या कडेने जाते. खऱ्या मापाचा हट्ट धरला तर १/४८ मध्ये ही ओळ रेषेपासून ०.१३ ते ०.१५ मि.मी.वर यायला हवी, पण एवढ्या जवळ टोचल्यास मधली प्लास्टिकची भिंत कोसळते आणि रेषा कातरल्यासारखी दिसते. अनुभवाने मी ०.४ मि.मी.च्या आत जात नाही.

कामाचा क्रम ठरवताना एक चूक मी स्वतः केलेली आहे. धडाचे दोन अर्धे सुटे असताना हाताळायला सोपे जातात, म्हणून मी चिकटवण्यापूर्वीच दोन्हीवर फ्रेमच्या ओळी टोचल्या. अर्धे जोडून सांधा घासल्यावर पाठीच्या कण्यावर डाव्या आणि उजव्या ओळी एकमेकींना भेटेनात. फरक जेमतेम ०.७ मि.मी.चा, पण खऱ्या विमानावर तो तीन सेंटिमीटरांहून अधिक होतो, आणि वरून पाहताना सगळ्या फ्रेम मोडल्यासारख्या दिसत होत्या. सांध्याजवळचे टोचे घासण्यात नाहीसे झाले ते वेगळेच. तेव्हापासून मी आधी धड जोडतो, सांधा पूर्ण संपवतो आणि मग प्रत्येक फ्रेमची ओळ धडाभोवती एका वेढ्यात टोचतो. पंखांच्या पुढच्या आणि मागच्या कडांनाही हाच नियम लावतो.

आखणीसाठी मऊ पेन्सिल पुरते. आधी फ्रेमचे वेढे, मग नाकापासून शेपटीकडे जाणारे स्ट्रिंगर अशा क्रमाने रेषा काढाव्यात. स्ट्रिंगर शेपटीकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्या समांतर काढू नयेत. पुढच्या आणि मागच्या फ्रेमवर समान भाग पाडून खुणा जोडाव्यात. सर्व रेषा काढून झाल्यावर मॉडेल हातभर अंतरावर धरून फिरवावे. जी रेषा वाकडी आहे ती अशा वेळी आपोआप दिसते, आणि पेन्सिलची रेषा ओल्या बोटाने पुसता येते.

आता प्रत्यक्ष टोचणे. व्हील मोकळ्या हाताने कधीही चालवू नये. सपाट भागावर जाड डायमो टेप (लेबलांची कडक प्लास्टिक चिकटपट्टी) ही सर्वांत भरवशाची पट्टी आहे, कारण तिच्या कडेला दात टेकून सरळ जातात. दुहेरी वक्रतेवर ती उचलली जाते, तिथे पातळ लवचिक धातूची पट्टी किंवा एकावर एक तीन-चार थर चिकटवलेली मास्किंग टेप वापरावी. व्हील जवळजवळ उभे धरावे, पण पट्टीकडे केसभर कलते ठेवावे, म्हणजे ते पट्टीपासून सुटत नाही. दाब मनगटाचा नसावा, व्हीलच्या दांड्यावर तर्जनी टेकवून बोटाचा असावा. चाक सावकाश फिरताना प्लास्टिकवर दाताची बारीकशी टिकटिक हाताला जाणवते. ती एकसारखी येत असेल तर दाब बरोबर आहे. ती थांबली की चाक फिरत नसून घसरत आहे, आणि तिथे टोच्यांऐवजी ओरखडा उमटतो. एकाच फेरीत काम संपवावे. ओळ पुसट वाटली म्हणून चाक पुन्हा फिरवल्यास दात जुन्या खळग्यांच्या मधोमध पडतात आणि दुप्पट दाट ओळ तयार होते. दुसरी फेरी टाळता येत नसेल, तर पहिल्या खळगीत दात नीट बसल्याची खात्री करून मगच चाक पुढे न्यावे. चाक पोचत नाही अशा कोपऱ्यांत पिन व्हाइसमध्ये (सुई पकडणाऱ्या छोट्या मुठीत) शिवणाची बारीक सुई धरून एकेक टोचा मारावा. तिचा ठसा चाकाच्या ठशापेक्षा गोल असतो, म्हणून टोक पॉलिश पेपरवर किंचित बोथट करून आधी भंगार तुकड्यावर जुळवून घ्यावे.

प्रत्येक टोच्याभोवती प्लास्टिकचा सूक्ष्म काठ वर येतो. हा काठ तसाच ठेवून रंग दिला, की खळगी प्रत्यक्षाहून मोठी आणि खोल दिसते. आपल्या पंखावरचे जे टोचे भोकांसारखे दिसतात, त्यांपैकी निम्म्यांचे कारण हेच असावे. ओल्या १००० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलका हात फिरवावा, मग २००० नंबरने, आणि खळग्यांत बसलेला भुगा मऊ टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने काढावा. भुगा राहिला तर प्रायमर त्यावर बसतो आणि ओळ बुजते. हे आपल्या तक्रारीचे दुसरे अंग.

झाकणांवरचे स्क्रू आणि इंजिनाच्या आवरणावरचे उघडझाप करायचे बंद हे रिव्हेट नव्हेत. ते स्पष्टपणे मोठे असतात, एकमेकांपासून दूर असतात आणि वारंवार उघडले जात असल्याने त्यांच्याभोवतीच रंग उडतो. त्यांच्यासाठी सोनारकामात वापरतात ते वाटीसारख्या टोकाचे बीडिंग टूल उत्तम. ते हलके टेकवून किंचित फिरवले की नाजूक वर्तुळ उमटते. मस्टँगच्या नाकावर ही वर्तुळे आणि मागे धडावर पुसट ओळी असा फरक ठेवलात, तर एवढ्यानेच मॉडेलला जिवंतपणा येतो.

गोल डोक्याच्या रिव्हेटांसाठी, उदाहरणार्थ डग्लस डीसी-३ किंवा स्पिटफायरच्या मागच्या धडासाठी, खळग्या चालत नाहीत, उंचवटेच लागतात. यासाठी डिकॅलसारखे (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांसारखे) पाण्यातून सोडून चिकटवायचे, रेझिनच्या ठिपक्यांचे कागद मिळतात. आर्चर आणि एचजीडब्ल्यू ही त्यातली परिचित नावे. पृष्ठभाग चकचकीत असावा, ओळ एकेका फ्रेमची कापून घ्यावी आणि पूर्ण वाळल्याशिवाय बोट लावू नये. जुन्या किटांवर साच्यातूनच आलेले उंच रिव्हेट असतात, त्यांची आपण सगळे थट्टा करतो. १/७२ मधला ०.३ मि.मी.चा दाणा खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटरांहून मोठा होतो, त्यामुळे ती थट्टा रास्तच आहे. पण विमान गोल डोक्यांचे असेल, तर ते दाणे सरसकट साफ करण्याऐवजी घासून त्यांची उंची पाव करून पाहावी. फुकट मिळालेले काम वाया घालवू नये.

रिव्हेटांपेक्षाही जास्त परिणाम साधणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पातळ पत्रा सांगाड्याला ताणून जोडला की दोन ओळींच्या मधल्या चौकटीत तो किंचित दबतो. पोचे आलेल्या पातेल्यासारखा प्रकाश त्यावर हलतो. बी-५२ हे मोठे बॉम्बफेकी विमान जमिनीवर उभे असताना त्याच्या नाकाच्या बाजूंवर पडणाऱ्या सुरकुत्या हे याचे टोकाचे उदाहरण. मॉडेलवर वक्र पात्याच्या चाकूने प्रत्येक चौकटीच्या मध्यभागी हलके खरवडावे, ओळीजवळ येताच हात उचलावा, आणि नंतर सगळे पॉलिश करून घ्यावे. खरवड नखाला जाणवू लागली की ती जास्त झाली. हे केल्यावर टोचे जेमतेम असले तरी चालतात, कारण ओळ डोळ्याला खळग्यांतून नव्हे तर प्रकाशाच्या चढउतारातून दिसते. धडाच्या मागच्या भागावर हे करावे. जाड पत्र्याच्या जागी करू नये, आणि मस्टँगच्या पंखावर तर अजिबात नको.

रंगकामाबद्दल थोडक्यात. प्रायमर पातळ करून दोन धुक्यासारखे थर द्यावेत. भरणारा जाड प्रायमर वापरला तर कितीही मेहनत बुजते. किटच्याच निकामी पंखावर आपल्या हाताने हलके, मध्यम आणि जड असे तीन दाबांचे टोचे मारून त्यावर प्रायमरपासून वार्निशपर्यंत सर्व थर चढवावेत आणि मग दाब ठरवावा. हा तुकडा मी जपून ठेवतो, कारण प्रायमर बदलला की उत्तर बदलते. वॉश काळा नसावा. उघड्या धातूवर करडा-तपकिरी, रंगवलेल्या भागावर मूळ रंगापेक्षा दोनच छटा गडद, आणि तोही सर्व ओळींवर नाही. ऑइल कलर पातळ करून ग्लॉस वार्निशवर लावावा आणि हवेच्या प्रवाहाच्या दिशेने पुसावा. इंजिनामागे, पंखाच्या मुळाशी, जिथे यांत्रिकांचे पाय पडतात तिथे आणि पोटाखाली ओळी गडद राहू द्याव्यात. इतरत्र वॉश न लावताही ओळ दिसते.

आता आपल्या मॉडेलविषयी. वॉश ऑइल किंवा इनॅमलचा असेल, तर योग्य पातळ करणाऱ्या द्रावणात बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो खळग्यांतून शक्य तितका काढून घ्या. धड बहुधा एवढ्यानेच निम्मे सुधारेल. धडावरच्या बुजलेल्या ओळींपैकी ज्या दोन ठळक ओळींच्या मधे आहेत, तेवढ्याच सुईने पुन्हा उघडा. बाकीच्या बुजलेल्या असू द्या, खऱ्या विमानावरही सगळ्या ओळी सारख्या दिसत नाहीत. पंखाचा रंग मात्र पूर्ण काढावा लागेल. पुढच्या भागातले टोचे सायनोअॅक्रिलेटने (सुपरग्लूने) भरू नका, ते प्लास्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना भोवतालचे प्लास्टिक आधी झिजून पृष्ठभाग लाटांसारखा होतो. त्याच किटच्या स्प्रूचे (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) बारीक तुकडे पातळ प्लास्टिक सिमेंटमध्ये विरघळवून केलेली लापशी ब्रशने भरा, तीन-चार दिवस वाळू द्या, आणि मग सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासा. झाकणे आणि टोपणे आधी टेपने झाकून घ्या. घासून झाल्यावर प्रायमरचा एक थर देऊन पंख खिडकीच्या उजेडात डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरा. जिथे जुन्या ओळीची सावली अजून दिसते, तिथे पुन्हा एकदा भरून घासावे लागेल. त्यानंतर पंखाला चंदेरी रंग आणि धडाला धातूचा रंग द्या, आणि दोन्हींची चकाकी वेगळी ठेवा.